हरलेल्या मोसमाचा पंचनामा कसा करायचा

डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉल लीगमधल्या एखाद्या संघावर जीव लावून बसलेल्या माणसाला सप्टेंबरात दोन सवयी लागतात. एक, कोचला शिव्या घालणं. दोन, ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणं. दोन्हींनी मन हलकं होतं, पण संघ नेमका कशानं बुडाला ते कळत नाही. मी बरीच वर्षं सामन्यांत टेबलावर बसून स्कोअरशीट भरली आहे. कोर्टवर कोण काय कमाल करतंय यापेक्षा कुणाचा कितवा फाउल कुठल्या मिनिटाला झाला, याकडे माझं लक्ष आधी जातं आणि ती खोड आता जायची नाही. तेव्हा हा पंचनामा माझ्या पद्धतीनं सांगते.

साहित्य फार लागत नाही. लीगच्या साइटवर फुकट दिसणारे बॉक्स स्कोअर (म्हणजे सामन्याचे खेळाडूवार आकड्यांचे तक्ते), एक वही आणि राग निवळेपर्यंत थांबायची तयारी. शेवटचा सामना हरल्याच्या रात्री हे काम काढू नका. त्या रात्री सगळं कोचच्याच माथी मारलं जातं.

वहीत संघाचे सगळे पराभव ओळीनं उतरवा: तारीख, प्रतिस्पर्धी, किती गुणांनी हरलो. प्रत्येक ओळीच्या शेवटी एका अक्षराची जागा रिकामी सोडा. तिथे चारपैकी एक अक्षर येणार आहे. ‘सं’ म्हणजे संघबांधणी, मोसम सुरू व्हायच्या आधीच ठरून गेलेला पराभव. ‘दु’ म्हणजे दुखापत. ‘न’ म्हणजे नशीब, थोडक्यात हुकलेला सामना. आणि ‘ख’ म्हणजे खेळ, सगळ्या मुली धडधाकट असताना, पुरेसा वेळ असताना, सरळ वाईट खेळून घालवलेला. सगळा खटाटोप या अक्षरांसाठी आहे, कारण पुढच्या वर्षाचा अंदाज त्यांच्यावरून बांधता येतो. ‘न’ पुष्कळ असतील तर फारसं काही न करता संघ सुधारतो. ‘ख’ पुष्कळ असतील तर नवी स्टार आणूनही पहिले दोन महिने तेच रडगाणं चालतं.

आधी हिवाळ्यात जा

पहिला सामना मेमध्ये असतो, पण कित्येक मोसम त्याआधीच्या हिवाळ्यात, करारांच्या उलथापालथीतच संपलेले असतात. म्हणून गेल्या वर्षी सुरुवातीच्या पाचात कोण होत्या आणि यंदा त्यातल्या किती उरल्या, हे आधी लिहा.

कनेक्टिकट सनचं उदाहरण घ्या. २०२४ मध्ये २८ विजय, १२ पराभव. २०२५ मध्ये ११ विजय, ३३ पराभव. नुसते आकडे पाहिले तर वाटेल, काय ही घसरण! पण मधल्या हिवाळ्यात अलिसा थॉमस, डिवाना बॉनर, ब्रिओना जोन्स, डिजोनाय कॅरिंग्टन आणि टायशा हॅरिस अशा सुरुवातीच्या पाचही जणी गेल्या. कोच स्टेफनी व्हाइटसुद्धा इंडियानाला गेल्या. जर्सी तीच, संघ दुसरा. तिथे निराशा कसली करायची? अशा संघाच्या पराभवांपुढे मी डोळे मिटून ‘सं’ लिहीत जाते आणि निराळंच शोधते: ऑगस्टमधला संघ मेमधल्या संघापेक्षा बरा होता का.

सिएटल स्टॉर्मचं २०२३ याच जातीचं. सू बर्ड निवृत्त झाली, ब्रियाना स्टुअर्ट न्यूयॉर्कला गेली, आणि संघ ११-२९ (आधी विजय, मग पराभव) वर आला. पुढच्या वर्षी भरती नीट केली आणि २५-१५. ‘सं’ची गंमत ही की ते पैशानं आणि करारांनी भरून निघतं, तेही एका हिवाळ्यात. सवयी इतक्या लवकर सुटत नाहीत.

मोसमाचे तुकडे पाडा

एकूण विजय-पराभवाच्या आकड्यावर माझा विश्वास फार थोडा. चाळीस-चव्वेचाळीस सामने म्हणजे एकसंध वस्तू नव्हे. कुठे सांधा आहे ते शोधा: कोणी जखमी होऊन बाहेर गेली तो दिवस, कोणी परतली तो दिवस, ऑलिंपिकची किंवा ऑल-स्टारची सुट्टी. तिथे वहीत आडवी रेघ मारा आणि दोन्ही बाजूंचा हिशेब वेगळा करा.

वॉशिंग्टन मिस्टिक्स २०२४ मध्ये १४-२६ वर संपले. वाचून वाटतं, सुमार संघ. पण त्यांनी मोसमाची सुरुवातच ०-१२ अशी केली होती. म्हणजे त्यानंतरच्या २८ सामन्यांत १४-१४, बरोबरीचा हिशेब. बाद फेरीची आठवी आणि शेवटची जागा अटलांटाला १५-२५ वर मिळाली, म्हणजे अवघ्या एका विजयाचा फरक. शेवटच्या दिवशी वॉशिंग्टननं इंडियानाला हरवलं, प्रेक्षागृहात २०,७११ माणसं होती, साखळी सामन्यासाठी लीगच्या इतिहासात तोवरची सर्वाधिक गर्दी. आणि तरी संघ बाहेर, कारण तिकडे अटलांटाही जिंकली. इतक्या लोकांसमोर जिंकून मोसम संपवणाऱ्या संघाला काय म्हणायचं? मी तरी ‘सुमार’ म्हणणार नाही. पण मे-जूनमधल्या त्या बारा ओळींपुढे कुठली अक्षरं येतात ते मात्र तपासेन.

तुकडे पाडताना वेळापत्रकही बघा. डब्ल्यूएनबीएचा मोसम भयंकर दाटीवाटीचा असतो. २०२५ मध्ये साधारण चार महिन्यांत ४४ सामने बसवले होते. सरावाला दिवसच उरत नाहीत; एका गावात खेळायचं, विमानात बसायचं, दुसऱ्या गावात खेळायचं. २०२४ मध्ये इंडियाना फीवरला पहिल्या २० दिवसांत ११ सामने आले. केटलिन क्लार्क नवखी, तिच्याभोवतीचा संघ एकमेकींना अजून ओळखत नव्हता, आणि सुरुवात झाली १-८. त्या दिवसांत लोकांनी काय काय म्हणून घेतलं! उरलेल्या मोसमात तोच संघ १९-१२ खेळला आणि २०-२० वर थांबला.

याची टोकाची गोष्ट लास व्हेगास एसेसची. २ ऑगस्ट २०२५ ला मिनेसोटा लिंक्सनं त्यांना १११-५८ असं, ५३ गुणांनी धुतलं. त्या रात्री एसेस १४-१४ वर होते आणि ‘निराशाजनक मोसम’ हे लेबल तयारच होतं. त्यानंतर ते साखळीत एकही सामना हरले नाहीत. सलग १६ जिंकून ३०-१४ वर पोहोचले आणि विजेतेपदही घेऊन गेले. म्हणून जुलैत पंचनामा लिहू नये. सप्टेंबर संपेपर्यंत प्रेत हलत असतं.

दुखापतीचं रडगाणं कितपत खरं

‘आमच्या मुली जखमी होत्या’ हे वाक्य प्रत्येक हरलेल्या संघाच्या तोंडी असतं. खरं किती, हे मोजता येतं. प्रत्येक महत्त्वाच्या खेळाडूपुढे ती किती सामने खेळली तेवढंच लिहा. मग त्या मुली असताना संघाचं काय झालं आणि नसताना काय झालं, ते वेगळं काढा. असतानाही हरतच होते तर ‘दु’ लिहायचा अधिकार नाही.

लॉस एंजेलिस स्पार्क्सची कॅमेरॉन ब्रिंक २०२४ मध्ये, पहिल्याच वर्षी, १५ सामन्यांनंतर गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटून बाहेर गेली. संघ ८-३२ वर संपला. चाहते आजही ब्रिंकचं नाव घेतात. पण ती खेळत होती तेव्हाही हा संघ हरत होता. तिच्या जाण्यानं वाईट ते आणखी वाईट झालं, एवढंच. डॅलस विंग्जचं त्याच वर्षी निराळं. २०२३ मध्ये २२-१८ आणि उपांत्य फेरी, २०२४ मध्ये ९-३१. सातू सबाली खांद्याच्या दुखापतीमुळे ऑलिंपिकच्या सुट्टीपर्यंत संघासाठी खेळूच शकली नाही. तिथे ‘दु’ला जागा आहे, पण एकतीस वेळा नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. २०२५ मध्ये क्लार्क ४४ पैकी फक्त १३ सामने खेळली. इंडियानाच्या एकापाठोपाठ एक मुली जायबंदी झाल्या, ऐन मोसमात तात्पुरत्या करारावर खेळाडू आणावे लागले. तरी २४-२०, आणि उपांत्य फेरीत विजेत्या एसेसना पाचव्या सामन्याच्या जादा वेळेपर्यंत ओढलं. दुखापतीनं सगळेच संघ मरत नाहीत, हे मान्य करावं लागतं.

इथे एक नियम माहीत हवा. २०२५ पर्यंत संघात जास्तीत जास्त बारा खेळाडू ठेवता येत, आणि वेतनमर्यादा इतकी आवळलेली होती की अनेक संघ अकराच ठेवत. खेळण्याजोग्या मुली दहाहून कमी झाल्या तरच ‘हार्डशिप’ नावाच्या तात्पुरत्या करारावर बाहेरची खेळाडू घेता येई. म्हणजे अकरात एक जखमी झाली तर बाहेरून कोणी येत नसे, दहाजणींत रेटायचं. या रेटण्याच्या आठवड्यांत बॉक्स स्कोअरमधली मिनिटं बघा. एकीच्या नावापुढे सामन्यामागून सामना छत्तीस-सदतीस मिनिटं दिसली की पुढची दुखापत कुणाची, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

चार आकडे, हातानं

आता मुख्य काम. ‘ख’ लिहायचं तर खेळात नेमकं काय वाईट ते कळायला हवं. त्यासाठी आकडेमोड करणारे चार गोष्टी पाहतात: शॉट किती चांगले पडले, चेंडू किती वेळा फुकट घालवला (टर्नओव्हर), स्वतःच्या चुकलेल्या शॉटचे किती रिबाउंड परत मिळवले (आक्रमक रिबाउंड) आणि फ्री थ्रो किती कमावले. महत्त्वाचा क्रमही हाच. शॉट सगळ्यांत वजनदार, फ्री थ्रो सगळ्यांत हलके. साइटवर हे तयार मिळतं, पण चार-पाच सामन्यांचं तरी स्वतः करून बघा. हातानं केल्याशिवाय आकडा बोलत नाही.

शॉटची नुसती टक्केवारी फसवी. समजा एका संघानं ७० पैकी ३० शॉट टाकले, त्यात ६ तीन गुणांचे. दुसऱ्यानं ७० पैकी २८ टाकले, त्यात १२ तीन गुणांचे. पहिल्याची टक्केवारी जास्त, पण गुण मोजा: पहिल्याचे ६६, दुसऱ्याचे ६८. म्हणून तीन गुणांच्या प्रत्येक शॉटला अर्धा शॉट जादा धरायचा. पहिल्याचे ३० अधिक ३, भागिले ७०, म्हणजे ४७.१ टक्के. दुसऱ्याचे २८ अधिक ६, भागिले ७०, म्हणजे ४८.६ टक्के. आता खरं चित्र दिसलं. समालोचक ‘आज शॉट पडले नाहीत’ म्हणतो तेव्हा तो बहुधा पहिली टक्केवारी वाचत असतो.

मग ताबे मोजा, म्हणजे चेंडू किती वेळा हाती आला. घेतलेले शॉट, वजा आक्रमक रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोचे ०.४४ पट. समजा ६८ शॉट, ९ आक्रमक रिबाउंड, १३ टर्नओव्हर, १८ फ्री थ्रो: ६८ वजा ९ अधिक १३ अधिक साधारण ८, म्हणजे ८० ताबे. त्या सामन्यात संघानं ७६ गुण केले असतील तर दर शंभर ताब्यांना ९५. डब्ल्यूएनबीएत शंभराच्या आसपास असलं की आक्रमण ठीकठाक धरायचं, ९५ म्हणजे कमजोर. प्रतिस्पर्ध्याचाही हाच आकडा काढा. तुमचा ९५ आणि त्यांचा ९६ असेल तर बचाव चांगला आहे, आक्रमण आजारी आहे. तुमचा १०२ आणि त्यांचा ११० असेल तर रोग उलटा. चाहते हे दोन रोग सर्रास एकच समजतात आणि बचावात गळणाऱ्या संघासाठी शूटर मागत बसतात.

टर्नओव्हरचं मात्र जरा जपून. आक्रमण चालवणाऱ्या नवख्या मुलीचे टर्नओव्हर पहिल्या वर्षी वाढतातच. क्लार्कनं २०२४ मध्ये टर्नओव्हरचा मोसमी विक्रम केला आणि त्याच मोसमात असिस्टचाही, म्हणजे ज्यावर लगेच बास्केट होते अशा पासचा. जी चेंडू देण्याची हिंमत करते तिच्याच हातून तो सुटतो. अशा टर्नओव्हरवर मी चिडत नाही. तीस वर्षांच्या गार्डनं सरळ पास प्रेक्षकांत फेकला तर मात्र चिडते.

चौथ्या क्वार्टरचा चौथा फाउल

आकड्यांत न दिसणाऱ्या गोष्टींसाठी थोडे सामने पुन्हा बघावे लागतात. अख्खे नकोत. थोडक्यात गेलेले तीन निवडा, पाच किंवा कमी गुणांनी हरलेले, आणि त्यांचा फक्त चौथा क्वार्टर बघा.

हा माझा टेबलावरचा हिशेब आहे. प्रत्येक क्वार्टरमध्ये संघाचा पाचवा फाउल झाला की समोरच्यांना फ्री थ्रो मिळायला लागतात. म्हणून मी चौथा सांघिक फाउल पडला तेव्हा घड्याळात किती वेळ उरला होता ते लिहून ठेवते. क्वार्टर दहा मिनिटांचा. चौथा फाउल तीन मिनिटं उरली असताना पडला तर चांगलं. सहा-साडेसहा मिनिटं उरली असताना पडला तर संघानं पुढचा सगळा वेळ हात मागे बांधून बचाव केला, कारण जरा धक्का लागला की समोरची फ्री थ्रोच्या रेषेवर. तिन्ही सामन्यांत हेच दिसलं तर ते तीन पराभव दिसायला ‘न’ असले तरी मी ‘ख’ लिहिते. फाउलही कुठे झालेत ते बघा. बास्केटखाली कोणाला अडवताना झाला तर समजू शकते. मध्यरेषेजवळ, शॉट चुकल्याच्या रागात, मागून हात मारून झाला तर ती शिस्तीची गोष्ट आहे आणि शिस्त कोचच्या खात्यात जाते.

बघताना चेंडूवर नजर ठेवू नका. स्वतःचा शॉट चुकल्याबरोबर पाचापैकी किती जणी पहिली तीन पावलं मागे पळाल्या, तेवढंच मोजा. दमलेला संघ तिथे ओळखू येतो, आणि मनानं हरलेला तर त्याहून आधी.

हे सगळं झाल्यावर उरलेल्या थोडक्यातल्या पराभवांना खुशाल ‘न’ द्या.

मोठा स्कोअर करणारीचं काय करायचं

२० ऑगस्ट २०२५. डॅलसची पेज बेकर्स, पहिलंच वर्ष, लॉस एंजेलिसविरुद्ध ४४ गुण करते. २१ पैकी १७ शॉट आत, तीन गुणांचे चारपैकी चार. आणि डॅलस ८१-८० हरतं, शेवटच्या क्षणी केल्सी प्लमच्या शॉटवर. ८० मधले ४४ एकीचे, म्हणजे बाकी सगळ्या संघाचे मिळून ३६. डॅलसचा मोसम १०-३४ वर संपला.

असा बॉक्स स्कोअर समोर आला की दोन टोकाची मतं ऐकू येतात: ‘एकटी पोरगी काय करणार’ आणि ‘हरणाऱ्या संघात कोणीही गुण काढतं’. बेकर्सनं त्या रात्री फक्त चार शॉट चुकवले, तेव्हा दुसरं मत तिथे चालत नाही. पण सिएटलच्या ज्युएल लॉइडनं २०२३ मध्ये मोसमात ९३९ गुण करून तेव्हाचा लीगचा विक्रम केला आणि संघ ११-२९, तिथे जरा थांबून विचार करावा लागतो. ती बाकावर असताना संघाचं आक्रमण आणखी ढासळत होतं का? तसं असेल तर ती ओझं वाहत होती. फरकच पडत नसेल, तर शॉट कोणीतरी घ्यायचेच होते, ते तिनं घेतले.

कोच

मुद्दाम उशिरा घेतला. फिनिक्स मर्क्युरीनं २०२३ मध्ये २-१० अशा सुरुवातीनंतर व्हेनेसा नायगार्डना काढलं आणि निकी ब्लूंना हंगामी कोच केलं. उरलेला मोसम ७-२१. मधेच कोच बदलून काय होतं याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. दोन वर्षांनी, नवा कोच आणि जवळपास सगळा नवा संघ घेऊन, फिनिक्स अंतिम फेरीत खेळलं. वहीत ‘ख’ची रांग लागली असेल आणि चौथ्या फाउलची वेळ मे ते सप्टेंबर सुधारलेली नसेल, तर कोच बदलायची मागणी करा. नाहीतर गप्प बसा.

ड्राफ्टवर डोळा ठेवण्याआधी

ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नव्या खेळाडू निवडणं; ‘हरूच द्या, पहिला नंबर मिळेल’ म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, पहिला नंबर सोडतीनं, म्हणजे लॉटरीनं ठरतो, आणि तिच्यात शक्यता ठरते ती मागच्या दोन मोसमांच्या एकत्रित कामगिरीवर. एक मोसम पाडून फार काही हाती लागत नाही. आणि शक्यता म्हणजे हमी नव्हे. २०२४ च्या मोसमानंतर सर्वाधिक शक्यता लॉस एंजेलिसची होती. पहिला नंबर डॅलसला लागला आणि बेकर्स तिकडे गेली.

दुसरी गोष्ट लोक विसरतातच: तुमच्या संघाचा पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे निवडीचा हक्क, तुमच्याकडे आहे का? शिकागो स्कायनं २०२६ चा आपला पिक २०२५ च्या ड्राफ्टच्या सुमारास मिनेसोटाला देऊन टाकला होता. मग २०२५ मध्ये १०-३४ खेळल्यावर त्या पराभवांचं फळ मिनेसोटाच्या ताटात पडलं, जो संघ त्या वर्षी साखळीत अव्वल होता. पिक दुसऱ्याकडे असेल तर सप्टेंबरमधल्या निरर्थक सामन्यांतही जिंकण्यासाठीच ओरडा.

आता अक्षरं मोजा. चव्वेचाळीसमधले पराभव तीस असोत की पस्तीस, कुठलं एक अक्षर निम्म्याहून जास्त आहे का ते पाहा. नसेल, सगळीच सारखी विखुरलेली असतील, तर तो संघ हिवाळ्यात काय करेल यावर पैज लावू नका. पान फाडू नका, पुढच्या मेपर्यंत ठेवा. पहिल्या दहा सामन्यांत दोनच गोष्टी ताडून बघा: दर शंभर ताब्यांचे दोन्हीकडचे गुण, आणि चौथ्या क्वार्टरमधल्या चौथ्या फाउलची वेळ. विजय-पराभव तोवर झाकून ठेवलेत तरी चालेल.